किंकेलिबा पिण्याआधी

मराठी कुटुंबे आज पश्चिम आफ्रिकेतल्या लागोस, आक्रा, अबिजान, डाकार अशा शहरांत कामानिमित्त राहतात, आणि सुट्टीवर येताना तिकडच्या वाळलेल्या पानांची पुडी कुणा ना कुणाच्या सामानात असते. पुडीवर कधी ‘किंकेलिबा’ असे छापलेले असते, कधी काहीच नसते. सोबत तोंडी माहिती येते: याने साखर उतरते, रक्तदाब आटोक्यात राहतो, यकृत साफ होते, वजन घटते, मलेरियासुद्धा जातो. ऑनलाइन दुकानांतही हेच दावे मोठ्या अक्षरांत दिसतात. मग ही पाने मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या काकांकडे जातात, रक्तदाब असलेल्या मावशींकडे जातात, आणि रोज सकाळी कपभर प्यायला सुरुवात होते.

ती पुडी घरात आली असेल किंवा येणार असेल, तर हे वाचून ठेवा. किंकेलिबा हे चांगले पेय आहे आणि त्याच्या देशात लाखो लोक ते निर्धास्तपणे पितात. पण तिथल्या निर्धास्तपणामागे पानांइतकीच ती वापरण्याची रीतही आहे. कोणते झाड, त्याचा कोणता भाग, किती पातळ, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणी प्यायचे, हे तिथल्या घराघरांत ठरलेले असते. पुडी विमानाने आपल्याकडे येते, रीत तिथेच राहते. म्हणून आधी ती रीत समजून घेऊ.

किंकेलिबा हे ‘कॉम्ब्रेटम मायक्रँथम’ या झुडपाचे नाव. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला जो कोरडा पट्टा लागतो, त्या सेनेगल, गांबिया, माली, गिनी, बुर्किना फासो, नायजर आणि उत्तर नायजेरियाच्या भागात ते खडकाळ, जांभ्या जमिनीवर आपोआप वाढते. वोलोफ भाषेत त्याला सेखेव म्हणतात, बांबारा भाषेत न्गोलोबे, हौसा भाषेत गेझा. तिकडच्या बाजारात विचारायचे झाल्यास ही नावे उपयोगी पडतील. झाडाचे कूळ आपल्याला अनोळखी नाही. हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन, कोकणातली उक्षी आणि कुंपणावर चढवलेली मधुमालती ही सगळी याच कुळातली. त्यामुळे हिरड्याचा तुरटपणा ज्याने चाखला आहे, त्याला किंकेलिबाची चव फार परकी वाटणार नाही. नात्यातली असली तरी ही झाडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, एवढे मात्र ध्यानात असू द्या.

सेनेगलमध्ये पाने फांद्यांसकट तोडून, वाळवून, जुड्या बांधून विकतात. घरी मूठभर पाने पाण्यात टाकून उकळतात. पाणी आधी सोनेरी होते, मग तांबूस तपकिरी. गाळून त्यात साखर घालतात, काही जण दूध घालतात, आणि पावाबरोबर न्याहारीला घेतात. सकाळी रस्त्याकडेला टांगाना नावाच्या न्याहारीच्या टपऱ्या लागतात, तिथेही तो मिळतो. रमजानच्या महिन्यात संध्याकाळी उपवास सोडताना, म्हणजे न्दोगूच्या वेळी, खजूर आणि पावाबरोबर गरम किंकेलिबा घेण्याची पद्धत आहे. यात कॅफीन नाही, त्यामुळे लहानमोठे सगळे तो पितात आणि रात्री झोपेची अडचण येत नाही. पश्चिम आफ्रिकेचा म्हणून जो दुसरा चहा प्रसिद्ध आहे, छोट्या ग्लासांतून तीन फेऱ्यांत दिला जाणारा अताया, तो मात्र चीनहून येणाऱ्या हिरव्या चहाचा असतो. तो चांगला कडक असतो आणि त्यात भरपूर कॅफीन असते. झोप किंवा छातीतल्या धडधडीची तक्रार असेल, तर आपण यांपैकी काय पितो आहोत हे माहीत हवे.

हे झाले रोजचे पिणे. तिथे अन्नाबरोबर घेतलेला पातळ काढा आणि आजारात घेतलेला दाट काढा या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. ताप, कावीळ, पित्त, खोकला, पोटदुखी, लघवीला कमी होणे, अंगाला सूज येणे अशा तक्रारींत वैदू पानांचे प्रमाण वाढवतात, जास्त वेळ उकळतात, कधी दुसरी पाने मिसळतात आणि ठरावीक दिवस देऊन थांबवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिनीच्या किनाऱ्यावर काम करणारे रँबो नावाचे फ्रेंच धर्मगुरू ‘काळ्या लघवीच्या तापा’वर हा काढा देत असत. मार्सेचे वनस्पतिशास्त्रज्ञ एदुआर हेकेल यांनी त्यांच्यावरून झाडाला ‘कॉम्ब्रेटम रँबोल्टी’ असे नाव दिले. पुढे ते झाड आधीच नोंदलेले मायक्रँथमच असल्याचे ठरले आणि ते नाव मागे पडले. हा ताप म्हणजे फाल्सिपेरम मलेरियातली एक गंभीर गुंतागुंत. रक्तातल्या तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात, लघवी काळपट होते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. आज ही लक्षणे दिसली तर रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यायचे असते. जुन्या नोंदीत काढ्याचे नाव आहे म्हणून कुणी घरी थांबू नये.

मालीची राजधानी बामाको इथे पारंपरिक औषधांवर काम करणारा सरकारी विभाग आहे. तिथल्या तज्ज्ञांनी वैदूंकडून माहिती घेऊन, पाने तपासून, मात्रा ठरवून काही काढे पाकिटात आणले. त्यांत किंकेलिबाच्या पानांचे ‘हेपाटिसान’ आहे. ते पित्ताच्या आणि अपचनाच्या तक्रारींसाठी दिले जाते. मला या कामाचे फार मोल वाटते. परंपरेतले जे टिकण्यासारखे आहे ते नीट तपासून, मर्यादित दाव्यासह लोकांच्या हाती द्यायचे, याचा तो उत्तम नमुना आहे. त्या पाकिटाचा दावा अपचनापुरता आहे. मधुमेह बरा होतो असे त्यावर लिहिलेले नाही.

मग साखर उतरते ही समजूत आली कुठून? पानांत कॅटेचिन, व्हिटेक्सिन, ओरिएंटिन अशी पॉलिफेनॉल द्रव्ये आणि टॅनिन भरपूर आहेत, हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवले आहे. नायजेरियातल्या सोकोटो इथल्या संशोधकांनी २०१० मध्ये पानांचा अर्क उंदरांना दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर कमी झाली. प्रयोग खरा आहे, पण तो उंदरांवरचा आहे आणि अर्काची मात्रा मोजून दिलेली होती. माणसांवर, पुरेशा संख्येने आणि पुरेशा काळासाठी झालेल्या ज्या चाचण्यांच्या आधारे डॉक्टर एखादे औषध लिहून देतात, तशा चाचण्यांचे पाठबळ किंकेलिबाला नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. बिनसाखरेचा पातळ किंकेलिबा दुधा-साखरेच्या चहाऐवजी घेतला, तर कपागणिक दोन चमचे साखर वाचते आणि तो फायदा खरा आहे. गोळी बंद करून किंकेलिबा घेतला तर होणारे नुकसानही तितकेच खरे आहे.

पश्चिम आफ्रिकेचा ‘औषधी चहा’ म्हणून येणारे प्रत्येक पाकीट किंकेलिबाचेच असेल असे नाही, आणि इथे खरी जोखीम सुरू होते. मालीतलीच दोन उदाहरणे घेतो, कारण ती दोन्ही झाडे आपल्याही माळरानावर आहेत.

पहिले झाड पिवळा धोत्रा. काटेरी पाने, पिवळी फुले, तोडले की पिवळा चीक. मालीत त्याच्या पानाफांद्यांचा काढा मलेरियावर देतात. त्यावर तिथे माणसांवर नीट चाचणी झाली आणि २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. ३०१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला हा काढा दिला, दुसऱ्याला आर्टेसुनेट-अमोडायाक्विनच्या गोळ्या. २८ दिवसांत दुसरे औषध द्यावे लागले नाही असे रुग्ण काढ्याच्या गटात ८९ टक्के आणि गोळ्यांच्या गटात ९५ टक्के निघाले. एका रानटी झुडपाच्या दृष्टीने हा आकडा थक्क करणारा आहे, आणि दवाखाना दूर असलेल्या गावात त्याला निश्चित अर्थ आहे. मात्र याच काढ्याच्या आधीच्या अभ्यासात बहुतेक रुग्णांच्या रक्तातले परजीवी पूर्ण गेले नव्हते. ताप उतरला, जंतू कमी झाले, पण राहिले. मलेरियाच्या गावात वाढलेल्या माणसाचे शरीर वारंवारच्या लागणीमुळे उरलेल्या जंतूंशी थोडेफार झुंजायला शिकलेले असते. पुण्याहून किंवा नागपूरहून गेलेल्या माणसाकडे ती ताकद नसते. तोच काढा, तोच जंतू, पण पिणारा बदलला की हिशेब बदलतो.

आता याच झाडाची दुसरी बाजू. पिवळ्या धोत्र्याच्या बिया मोहरीसारख्या काळ्या आणि बारीक असतात. त्यांच्या तेलात सँग्विनरीन नावाचे विष असते. मोहरीच्या तेलात त्या बियांच्या तेलाची भेसळ झाली की पाय सुजतात, दम लागतो, हृदय निकामी होते. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीने ६० हून अधिक माणसे गेली. पानांचा पाण्यातला काढा आणि बियांचे तेल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण पाकिटात कुटलेला चुरा असेल, तर त्यात नुसती पाने आहेत की वाळलेली बोंडेही भरडली गेली आहेत, हे डोळ्यांनी कसे ओळखणार? पिवळ्या धोत्र्याचा कोणताही चुरा किंवा काढा घरी घेऊ नका, आणि मालीतली चाचणी वाचून माळावरचे झाड उपटून तर मुळीच उकळू नका.

दुसरे झाड कासविंदा. मालीत मलेरियासारख्या तापासाठी ‘मलारियाल’ नावाचे पाकीट तयार करतात, त्यात कासविंद्याची पाने हा एक घटक असतो. बिया भाजून त्यांची कॉफी करण्याची चाल तिकडेही आहे आणि आपल्याकडेही होती. मात्र पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांमध्ये दरवर्षी पावसाळा संपताना जो गूढ मेंदूविकार यायचा, त्याचा माग काढताना संशोधक याच झाडाच्या कच्च्या बियांपर्यंत पोहोचले. मुलांनी खेळता खेळता शेंगा खाल्ल्या होत्या आणि यकृत, स्नायू, मेंदू तिन्हींवर घाला पडला होता. २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात मुले दगावली, तेव्हाही जपानी मेंदूज्वराबरोबर या बियांकडे बोट दाखवले गेले. आपण पावसाळ्यात आवडीने खातो तो टाकळा याचा जवळचा नातेवाईक आहे, पण ते झाड वेगळे. अंगणात किंवा बांधावर कासविंदा असेल तर मुलांना शेंगा तोडू देऊ नका.

घानात मलेरियासाठी ‘निबिमा’ नावाच्या वेलीच्या मुळांचा काढा घेतात. माम्पोंग-आक्वापिम इथे डॉ. ओकू अम्पोफो यांनी १९७५ मध्ये उभे केलेले वनौषधी संशोधन केंद्र अशा औषधांवर काम करते, आणि निबिमा आता चहाच्या पिशव्यांतूनही मिळते. तिच्या मुळांतले क्रिप्टोलेपीन हे द्रव्य मलेरियाच्या जंतूला मारते. त्याचबरोबर ते डीएनएला चिकटते आणि आपल्या पेशींनाही इजा करू शकते. अशी गोष्ट ‘रोजचा हर्बल चहा’ म्हणून घ्यायची नसते. गर्भवती स्त्रीने किंवा बाळाची तयारी करणाऱ्या जोडप्याने तर ती पूर्ण टाळावी.

एका पेयाबद्दल मात्र मी मोकळेपणाने चांगले लिहू शकतो, आणि ते आपल्या घरचेच आहे. सेनेगलमध्ये बिसाप, नायजेरियात झोबो, घानात सोबोलो म्हणून जे लालभडक पेय मिळते, ते लाल अंबाडीच्या बोंडांवरच्या मांसल आवरणाचे. विदर्भात याच बोंडांचे सरबत आणि चटणी करतात, आणि ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी विदर्भ-मराठवाड्याला सांगायला नको. रक्तदाबावरच्या परिणामाबद्दल अंबाडीवर माणसांवरचा चांगला पुरावा आहे. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ६५ जणांना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा किंवा तसेच दिसणारे दुसरे पेय देण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वरचा रक्तदाब अंबाडीच्या गटात सरासरी ७.२ अंकांनी उतरला, दुसऱ्या गटात १.३ ने. त्या लोकांचा दाब थोडाच वाढलेला होता आणि ते औषधे घेत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. गोळ्या चालू असलेल्यांनी अंबाडीचा चहा सुरू केला तर दाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो. आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवावी. अंबाडीच्या पेयाबरोबर क्लोरोक्विन घेतले तर ते रक्तात कमी उतरते, असे सुदानमधल्या अभ्यासात दिसले आहे. आपल्याकडे व्हायव्हॅक्स मलेरियाला आजही क्लोरोक्विन दिले जाते. त्या दिवसांत अंबाडीचे सरबत बाजूला ठेवा, गोळ्या साध्या पाण्याबरोबरच घ्या.

आता पुन्हा किंकेलिबाकडे, कारण प्रश्न सहसा त्याचाच येतो: ‘माझ्या गोळ्या चालू आहेत, घेऊ का?’

मधुमेहासाठी इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असेल, तर साखर उतरवण्याची शक्यता असलेली कोणतीही वनस्पती डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. ही औषधे एकटीच साखर फार खाली नेऊ शकतात. डॉक्टर हो म्हणाले तर पहिले दोन आठवडे घरच्या यंत्रावर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा, आकडे वहीत लिहा आणि ती वही पुढच्या भेटीला न्या. दरदरून घाम, हातांना कंप, भोवळ, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसली किंवा यंत्रावर ७० पेक्षा कमी आकडा आला, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये.

किंकेलिबाने लघवी जास्त होते, असा परंपरेचा अनुभव आहे. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड अशी लघवीची गोळी चालू असेल तर दोहोंचा परिणाम एकत्र येऊन अंगातले पाणी आणि क्षार कमी होऊ शकतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर हा धोका वाढतोच. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी लघवी वाढवणारे कोणतेही पेय मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण शरीरातले पाणी कमी झाले की लिथियमची रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी किंकेलिबा टाळलेलाच बरा. यकृताचा आजार असेल तर ‘यकृत साफ करतो’ हा दावा कितीही मोहाचा वाटला तरी त्याला बळी पडू नका. आजारी यकृताला कोणतेही अनोळखी द्रव्य म्हणजे वाढीव काम असते.

थायरॉइडच्या गोळीचा मुद्दा सहज निसटतो. लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. चहा सोडून किंकेलिबा सुरू केला म्हणजे तो त्या गोळीबरोबर चालेल, असा समज होतो. गोळीनंतर किमान अर्धा तास, शक्य तर तासभर काहीही न घेणे हा नियम इथेही लागू आहे. तसेच टॅनिन अन्नातले लोह शरीरात शिरू देत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा हा बारीकसारीक मुद्दा नाही. सेनेगलमध्ये न्याहारीबरोबर पितात म्हणून आपणही जेवणाबरोबर पिऊ नये. जेवणाच्या आणि लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर तासाभराचे अंतर ठेवावे.

गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी या पानांची सुरक्षितता नीट अभ्यासलेली नाही. तिकडच्या बायका घेतात, हे उत्तर पुरेसे नाही, तेवढा काळ थांबल्याने काही बिघडत नाही. आईने घ्यायचे नसेल तर बाळाला पाजायचा प्रश्नच येत नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचे नसते. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर दोन आठवडे आधी पिणे थांबवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगा.

ज्यांना यांपैकी कसलीही अडचण नाही, कोणतेही औषध चालू नाही, त्यांनी चवीसाठी किंकेलिबा खुशाल घ्यावा. दोन कप पाण्यात चमचाभर चुरलेली पाने, पाच-सात मिनिटे मंद उकळी, गाळणे, बस. दिवसाला एक-दोन कप पुरे. तिकडचा दाट औषधी काढा घरी करण्याच्या भानगडीत पडू नका. आठवडाभर रोज घेतल्यावर अंगावर पुरळ, मळमळ, पोटात कळ किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लगेच बंद करा. औषध किंवा वनस्पतीपासून त्रास झाल्याची नोंद सरकारच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. अशी नोंद केल्याने पुढच्या माणसाला माहिती मिळते, त्यामुळे कंटाळा करू नका.

खरेदी करताना शक्यतो अख्खी पाने घ्या. किंकेलिबाची पाने फांदीवर समोरासमोर असतात, वाळल्यावर तांबूस होतात आणि खालच्या बाजूवर गंजाच्या रंगाचे बारीक खवले दिसतात. त्याच बाजारात ‘रट’ नावाच्या, याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची पानेही औषध म्हणून मिळतात, तेव्हा नाव विचारून घ्या. चुरा, कॅप्सूल आणि अर्काचे थेंब यांत काय आणि किती आहे हे कळत नाही, म्हणून ते मी कुणालाच सुचवणार नाही. वजन घटवण्याच्या मिश्र पाकिटांवरचे घटक भिंग घेऊन वाचा. त्यांत सोनामुखी असेल तर वजनाच्या काट्यावर दिसणारी घट ही जुलाबाने गेलेल्या पाण्याची असते, आणि त्यातून पोटॅशियम इतके खाली जाऊ शकते की हृदयाचे ठोके बिघडतात. भारतात विकल्या जाणाऱ्या आयात पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असलाच पाहिजे. नसेल तर परत करा. स्वतः आणणार असाल तर बिया, मुळे, ओल्या फांद्या, माती लागलेल्या जुड्या आणू नका, आणि विमानतळावर वनस्पतिजन्य वस्तू असल्याचे सांगा. घरी आल्यावर पाने घट्ट झाकणाच्या बरणीत कोरड्या जागी ठेवा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा त्यांना बुरशी आणल्याशिवाय राहत नाही. कुबट वास आला किंवा पांढुरकी लव दिसली की उन्हात वाळवून पुन्हा वापरायचा विचार करू नका. बुरशीचे विष उन्हाने जात नाही, उकळूनही जात नाही. सगळे टाकून द्या.

शेवटी तापाबद्दल, कारण या विषयात जीव जाण्याची सर्वांत मोठी शक्यता तिथेच आहे. पश्चिम आफ्रिकेतला मलेरिया जवळजवळ सगळा फाल्सिपेरमचा, म्हणजे सर्वांत घातक प्रकारचा असतो. तिकडे जाण्याआधी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्या घ्या आणि परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्या चालू ठेवा. किंकेलिबा, निबिमा किंवा आर्टेमिसिया नावाच्या वनस्पतीचा चहा यांपैकी काहीही त्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. आर्टेमिसियाच्या पानांचा चहा मलेरियासाठी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट सांगितले आहे. परतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ताप आला तर तो साधा फ्लू मानून काढ्यावर काढू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, मी अमुक देशातून अमुक तारखेला आलो हे डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा, काढा घेतला असेल तर पुडी सोबत न्या आणि मलेरियासाठी रक्त तपासायला सांगा. काढ्याने ताप तात्पुरता उतरलेला असला तरी तपासणी टाळू नका. पहिली चाचणी निगेटिव्ह आली आणि ताप कायम राहिला, तर १२ ते २४ तासांनी ती पुन्हा करून घ्या, आणि गरज पडल्यास तिसऱ्यांदाही.